उन्हाळी शिबिरात मुलांचं संगीत नाटक बसवताना

पहिल्यांदा मुलांचं संगीत नाटक करायला घेतलं की माणूस आधी संहिता शोधायला बसतो. माझं म्हणणं, आधी कागद-पेन्सिल घ्या आणि तास मोजा. दहा दिवसांचं शिबिर, रोज तीन तास, म्हणजे ३० तास. त्यातून हजेरी, मधली सुट्टी, पाणी, हात धुणं आणि सुरुवातीचे खेळ वजा केले की तालमीला जेमतेम २० तास उरतात. गाणी आणि हालचाली धरून रंगमंचावरचं एक मिनिट नीट बसायला मुलांना साधारण ४० मिनिटं लागतात, असा माझा आजवरचा हिशेब आहे. म्हणजे २० तासांत ३० मिनिटांचं नाटक. त्याहून मोठं घेतलंत तर शेवटचे दोन दिवस मुलांवर ओरडण्यात जातील, आणि त्यात मुलांची काहीच चूक नसेल.

त्या ३० मिनिटांत चार गाणी पुरे, प्रत्येक दोन-अडीच मिनिटांचं. पाचवं गाणं घ्यायचा मोह होतोच. नका घेऊ. हवं तर पहिल्याच गाण्याचं ध्रुवपद शेवटी पुन्हा आणा. मुलांना ते तोंडपाठ असतं आणि प्रेक्षकही तोवर गुणगुणायला लागलेले असतात.

संहिता कशी निवडायची

मी एकच कसोटी लावते. प्रत्येक प्रवेशापाशी थांबून विचारते: मागच्या रांगेत टोकाला उभ्या असलेल्या सगळ्यांत लाजऱ्या मुलाला इथे काय काम आहे? "उभं राहायचं" असं उत्तर आलं की तो प्रवेश बदलायचा, नाहीतर ती संहिताच बाजूला ठेवायची. एक राजकन्या, एक राक्षस आणि उरलेली बावीस झाडं असलेलं नाटक शिबिराच्या कामाचं नाही. गाव, बाजार, जंगल, जहाज, मुंग्यांचं वारूळ अशी घोळक्याची गोष्ट शोधा. तिथे गर्दीलाच काहीतरी हवं असतं, गर्दीच भांडते, गर्दीच घाबरते.

ही कसोटी मला एका मुलीने शिकवली. आठ वर्षांची होती, तिसऱ्या रांगेत अगदी कडेला उभी राहायची. ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. तीन दिवस मी तिला "म्हण गं, छान येतंय" एवढंच सांगत होते. चौथ्या दिवशी वादळाच्या गाण्यासाठी मी तिच्या हातात झाकणाचा डबा दिला, आत मूठभर खडे. म्हटलं, "'आभाळ फाटलं' ही ओळ संपली की दोन मात्रा थांबायचं आणि मग डबा हलवायचा." आता त्या दोन मात्रा मोजायच्या तर गाणं लक्ष देऊन ऐकायलाच हवं, आणि ओळ कुठे संपते ते कळायचं तर ती मनात म्हणायलाच हवी. सहाव्या दिवशी डबा हलवता हलवता ती मोठ्याने गात होती. त्याआधीचे तीन दिवस तिला काम न देता उभं केलं होतं, ती चूक माझी होती.

नाटक दुसऱ्या कुणी लिहिलेलं असेल किंवा चाली आयत्या घेणार असाल, तर प्रयोगाची लेखी परवानगी शिबिर सुरू होण्याआधी हातात हवी. प्रवेश मोफत ठेवला म्हणजे परवानगी लागत नाही, असं गृहीत धरू नका. काटछाट करणार असाल किंवा प्रयोगाचं चित्रीकरण करणार असाल, तर तेही त्याच पत्रात विचारून घ्या.

पहिले दोन दिवस: खेळ, गाणी आणि नुसतं बघणं

पहिल्या दिवशी भूमिका वाटू नका. एकेकाला पुढे बोलावून "काहीतरी करून दाखव" म्हणणं तर अजिबात नको. त्यात धीट मुलं पुढे येतात, बाकीची मिटून जातात, आणि धीटपणा म्हणजे अभिनय नव्हे. सगळ्यांना एकदम खेळवा आणि तुम्ही वहीत टिपणं ठेवा: कोण दुसऱ्याचं ऐकतं, कुणाचा ताल पक्का आहे, कोण सूचना एकदाच ऐकून लक्षात ठेवतं, कोण चुकलं तरी न थांबता पुढे जातं. मोठ्या भूमिकेला हा शेवटचा गुण सगळ्यांत जास्त लागतो.

नाट्यखेळ ही काही वेळ काढायची युक्ती नाही. अमेरिकेत नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी मुलांबरोबर आणि वस्त्यांमधल्या लोकांबरोबर काम करतानाच आपले खेळ घडवले, आणि १९६३ साली ते पुस्तकरूपाने आले. त्यांची एक पद्धत मी रोज वापरते: खेळ न थांबवता बाजूने सूचना देत राहायची. मुलं जंगलातून चालत असतील तर थांबवून समजावत बसायचं नाही. चालू खेळातच "पायाखाली चिखल आहे", "कुणीतरी मागे आहे", "आवाज नको" असं म्हणत जायचं. शरीर आपोआप बदलतं. "घाबरल्याचा अभिनय कर" म्हटलं तर मूल डोळे मोठे करतं आणि तेवढ्यावर थांबतं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाकडून चिठ्ठी घ्या: काय करायला आवडेल, काय अजिबात नको. "मला एकट्याने गायचं नाही" असं लिहिणारी मुलं निघतात आणि त्यांचं ऐकायचं असतं. "मला बोलायचं नाही, पण पडदा ओढायचाय" असंही एक जण लिहितो. त्याला पडदा द्या, त्याच्याइतक्या इमानाने तो कुणी ओढणार नाही.

मुख्य भूमिका एकाच मुलाला देण्यापेक्षा वाटून द्यायला मला आवडतं. नायिकेची लाल टोपी ठरवायची. पहिल्या प्रवेशात टोपी एकीच्या डोक्यावर, पुढच्यात दुसरीच्या. गाण्याच्या मध्येच, सगळ्यांसमोर टोपी बदलली की प्रेक्षकांना लगेच कळतं. चार मुलींना मोठी भूमिका मिळते, कुणावरच ऐंशी वाक्यांचं ओझं येत नाही, आणि सातव्या दिवशी एकीला ताप आला तर नाटक अडत नाही. (सातव्या-आठव्या दिवशी कुणीतरी आजारी पडतंच. प्रत्येक वाक्याला एक जोडीदार ठेवा, ज्याला ते वाक्य पाठ आहे.)

गाणं शिकवताना

संगीत नाटकात नव्या दिग्दर्शकाची सगळ्यांत मोठी चूक होते ती पट्टीत, म्हणजे कुठल्या सुराला 'सा' धरून गायचं त्यात. आपण आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो आणि ती मुलांना फार खाली जाते. आठ ते बारा वर्षांच्या मुलांचा आवाज साधारण मध्य सप्तकातल्या पांढरी एकपासून (की-बोर्डवरचा मधला 'सी') तार सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत (त्याच्या वरच्या सप्तकातला 'डी') मोकळा लागतो. चाल या टप्प्यात बसवा. पेटीवर किंवा की-बोर्डवर चालीतला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोधा, दोन्ही आत येतात का पाहा, आणि नसतील तर पट्टी बदला. पाच मिनिटांचं काम आहे. ते नाही केलं तर मुलं खालच्या सुरांवर नुसती पुटपुटतात, तुम्हाला वाटतं ती लाजताहेत, तुम्ही "मोठ्याने!" म्हणता आणि ती किंचाळायला लागतात. दोन दिवसांत निम्म्यांचे घसे बसतात.

पुरुष शिकवत असेल तर आणखी एक गोष्ट. त्याचा आवाज मुलांच्या आवाजाच्या एक सप्तक खाली असतो. काही मुलं तो हुबेहूब पकडायला जातात आणि घशात घोगरा आवाज काढतात. अशा वेळी सूर पेटीवर वाजवून द्या किंवा ज्याचं गाणं पक्कं आहे अशा मुलाला पुढे उभं करून त्याच्याकडून ओळ देववा. बारा ते चौदाच्या मुलग्यांपैकी कुणाचा आवाज फुटत असेल तर त्याला उंच सुरांचा सोलो देऊ नका. निवेदन किंवा तालात बोलायच्या ओळी द्या आणि त्या आवाजाबद्दल चारचौघांत काही बोलू नका.

शिकवायचा क्रम ठरलेला ठेवा. आधी शब्द नुसते तालात म्हणायचे, मांडीवर ठेका धरून, सूर नाही. मग चाल. मी एक ओळ म्हणते, मुलं म्हणतात. ती म्हणत असताना मी गप्प राहते. हे पाळणं अवघड जातं, कारण आपल्यालाही गायचं असतं. पण आपण बरोबर गायलो की ती आपल्या आवाजाला टेकतात आणि आपल्याला त्यांचं ऐकूही येत नाही. सुरुवात ध्रुवपदाने करा, मग शेवटचं कडवं, मग मधलं. शेवट नेहमी कच्चा राहतो, कारण तो सगळ्यांत कमी वेळा म्हटला जातो. तो आधी शिकवला की मुलं गाण्यात जसजशी पुढे जातात तसतशी ओळखीच्या वाटेला लागतात.

"मोठ्याने" हा शब्द तालमीतून काढून टाका. "शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला गोष्ट सांग" म्हणा, आणि खरंच कुणालातरी शेवटच्या खुर्चीवर बसवा. त्याला शब्द कळला की त्याने हात वर करायचा. मुलं आपणहून व्यंजनं स्पष्ट उच्चारायला लागतात.

साथीला माणूस मिळत असेल तर ट्रॅकच्या, म्हणजे आधीच मुद्रित केलेल्या साथीच्या, मागे जाऊ नका. ट्रॅक थांबत नाही. मुलगी ओळ विसरली की तो पुढे निघून जातो आणि ती तिथेच राहते. वाजवणारा माणूस तिच्याकडे बघतो, तोच तुकडा पुन्हा फिरवतो, ती आली की पुढे सरकतो. ट्रॅकच वापरावा लागला तर सुरुवातीला चार मात्रांचा ठोका भरून घ्या, फाइल दोन वेगवेगळ्या उपकरणांवर साठवा, आणि प्रयोगाच्या वेळी फोन विमान मोडवर टाका.

हालचाली

गाणं बसून पक्कं झाल्याशिवाय मुलांना उभं करू नका, आणि उभं राहून पक्कं झाल्याशिवाय नाचवू नका. उडी मारताना श्वास गाण्याला पुरत नाही, मोठ्यांनाही नाही. म्हणून गाताना फक्त हात आणि मान, आणि पायांचं काम दोन कडव्यांमधल्या वाद्यांच्या तुकड्यात. एका गाण्याला चार-पाच हालचाली पुरतात. सगळ्यांनी एकाच वेळी नीट केलेली साधी हालचाल, अर्ध्यांनी केलेल्या अवघड हालचालीपेक्षा कितीतरी सुंदर दिसते.

शिकवताना मुलांकडे तोंड करून उभे राहा आणि आरशासारखं करा: त्यांचा उजवा हात हवा असेल तर तुमचा डावा. घरी आधी सराव करून या.

जमिनीवर रंगीत टेपच्या खुणा लावा. सरळ तीन रांगा नकोत, मागचे दिसत नाहीत. अर्धचंद्र करा, किंवा दोन पायऱ्या मिळाल्या तर त्यावर उभं करा. प्रत्येक गाण्यात रांगा बदलतील असं बघा. मागचं मूल एकदा तरी पुढे आलंच पाहिजे, याची मी वहीत खूण करते. मुलांसाठी नियम एवढाच: "तुला प्रेक्षकांचे डोळे दिसत नसतील तर त्यांना तूही दिसत नाहीस. एक पाऊल सरक." दुसरा नियम येण्या-जाण्याचा: डावीकडून यायचं, उजवीकडून जायचं. फार थोडे अपवाद करा. चोवीस मुलं विंगेत समोरासमोर आली की नाटक तिथेच थांबतं.

मधले दिवस

तिसऱ्या दिवसापासून रोज एक गाणं आणि एक-दोन प्रवेश उभे करायचे. पाचव्या दिवसाच्या शेवटी नाटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा न थांबता जायलाच हवं, कितीही कच्चं असलं तरी. त्याशिवाय मुलांना गोष्ट कळत नाही, त्यांना फक्त आपापले तुकडे माहीत असतात. त्या दिवशी जिथे गोंधळ होतो तेवढ्याच जागा सहाव्या-सातव्या दिवशी घासायच्या. जे आलंय ते पुन्हा पुन्हा करत बसू नका.

तुम्ही एका गटाबरोबर असताना बाकीच्यांना मोकळं सोडू नका. भांडणं तिथेच होतात. आठ मुलांमागे एक मोठा माणूस धरा. एक गट गाण्यावर, एक तालमीत, एक मुखवटे रंगवण्यात, असं फिरवत राहा.

पाठांतर घरून करून आणायला सांगितलं की निम्मी मुलं आईच्या आवाजात, आईच्या चढ-उतारांसकट वाक्य घेऊन येतात आणि ते मग काढता येत नाही. वाक्यं छोटी ठेवा आणि तालमीतच पाठ होऊ द्या. वाक्य विसरलं तर काय करायचं याची वेगळी तालीम घ्या. आमच्याकडे नियम असतो: ज्याला पुढचं आठवतं त्याने ते म्हणायचं, वाक्य कुणाचंही असो. मी मुद्दाम मधेच एखाद्याला बाहेर बोलावते आणि बाकीच्यांना नाटक पुढे न्यायला लावते. दोनदा केलं की विसरण्याची भीतीच जाते. विंगेतून कुजबुजणारा प्रॉम्प्टर मात्र नको. मूल त्याच्याकडे बघायला लागतं आणि प्रेक्षकही.

आठव्या दिवशी तुम्ही समोर उभं राहून हातवारे करणं बंद करा. त्या दिवशी गाणं कोसळेल. कोसळू द्या. हे नवव्या दिवसावर ढकललंत तर प्रयोगात सगळी मुलं तुमच्याकडे बघत गातील.

कपडे, सामान, आवाज, उजेड

सगळ्यांना एकाच गडद रंगाचे साधे कपडे आणि वर एक वस्तू: टोपी, उपरणं, पंख, पट्टा. पूर्ण पोशाख बदलायला लावू नका. प्रयोगाआधी निदान दोन दिवस त्याच कपड्यांत, त्याच पादत्राणांत नाचून बघा. टोप्या डोळ्यांवर येतात आणि मोजे घसरतात, हे तेव्हाच कळतं.

सामानासाठी विंगेत एक टेबल लावा. त्यावर मोठा पांढरा कागद अंथरून प्रत्येक वस्तू ठेवा, तिच्याभोवती पेनने रेघ मारा आणि आत नाव लिहा. कंदील गेला की कंदिलाचा आकार रिकामा दिसतो. सात वर्षांच्या मुलालाही काय कुठे ठेवायचं ते विचारावं लागत नाही.

चोवीस मुलांना चोवीस माइक लावायच्या भानगडीत पडू नका. पुढे दोन उभे माइक ठेवा, सोलोवाल्याने तिथे येऊन गायचं. कोरस माइकशिवाय ऐकू आला पाहिजे, आणि पट्टी बरोबर असेल तर येतो. पूर्ण काळोख टाळा, मंद निळा उजेड ठेवा. रंगमंचाच्या कडेला पांढरी टेप, पायऱ्यांना चमकणारी टेप, आणि जमिनीवरून गेलेली प्रत्येक वायर चिकटवलेली. दोन्ही विंगांत एकेक मोठा माणूस आणि भिंतीवर ठळक अक्षरांत प्रवेशांची यादी.

कोणत्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे, कोण घ्यायला येणार, फोटो काढायला पालकांची हरकत आहे का, हे पहिल्याच दिवशी लेखी घ्या. कपडे बदलायला मदत लागली तर दोन मोठी माणसं हजर असावीत. एका मुलाबरोबर एकच मोठा माणूस बंद खोलीत, असं कधीही होता कामा नये.

प्रयोगाचा दिवस

सकाळी पूर्ण तालीम घेऊ नका. सगळ्या एंट्री-एक्झिट, गाण्यांच्या सुरुवाती आणि शेवटचा नमस्कार एवढंच करा. नमस्कार सगळ्यांनी एकदम, हात धरून. एकेकाला वेगळा बोलावला की टाळ्यांचा आवाज कमी-जास्त होतो आणि मुलांना तो बरोबर ऐकू येतो. रडू आलेल्या मुलाला समजावत बसण्यापेक्षा त्याला काम द्या: टेबलावरच्या वस्तू मोज, धाकट्यांची रांग लाव. बहुतेक वेळा रडू तिथेच थांबतं.

नाटक सुरू झालं की शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि वही बंद ठेवा. आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

पडदा पडल्यावर पालकांना दहा मिनिटं बाहेरच थांबायला सांगून ठेवा. तो वेळ मुलांचा. सगळी एकदम बोलतील, कुणी कुठलं वाक्य खाल्लं आणि कुणी ते कसं सावरलं ते एकमेकांना सांगतील. बोलू द्या. मग प्रत्येकाने आपली वस्तू टेबलावर आपल्या रेघेत ठेवायची. टोपी, कंदील, पंख, खड्यांचा डबा. एकही आकार रिकामा नाही असं दिसलं की दार उघडा, आणि हातातल्या यादीवर एकेक नाव टिपत मुलं घरच्यांच्या ताब्यात द्या.